एका चालीची वाटणी

मी, या कागदाच्या शेवटी ज्याची सही आहे तो, वय वर्षे एकाहत्तर, लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीतून निवृत्त आणि त्याआधी व त्यासोबतही एका रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवणारा, माझ्यामागे घरात वाद नकोत म्हणून हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही असे वकीलबाई म्हणतात. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. उलट मुलगी "बाबा, एवढ्यात कशाला?" म्हणून हा विषय टाळत आली आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

कलम १. राहते घर, दुसरा मजला, दोन खोल्या व स्वयंपाकघर, आणि बँकेत जी काही शिल्लक निघेल ती, माझी एकुलती एक मुलगी हिला. पत्नी हयात नाही. न्हाणीघरातला नळ उलटा फिरवल्यावर बंद होतो. तो मी स्वतः बसवला आहे आणि आजवर गळलेला नाही, तेव्हा जावयाने तो बदलण्याच्या भानगडीत पडू नये.

कलम २. हत्यारांची पेटी ठोक्याला द्यायचे मनात होते. ठोक्या म्हणजे आमच्या बँडचा ड्रमर आणि माझा सर्वांत जुना मित्र. परंतु त्याला मी या मृत्युपत्राचा साक्षीदार करणार आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असा कायदा आहे. फोनवर हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे सहीपण मीच करायची आणि पान्हेपण गेले?" सबब पेटी मी त्याला गेल्याच आठवड्यात नेऊन दिली आहे. ती मिळकतीत धरू नये.

कलम ३. आमच्या पहिल्या रेकॉर्डच्या वेष्टनावरचा फोटो, चौकटीसह, ज्याने काढला त्या फोटोग्राफरला परत करावा. या फोटोत चौघे आहेत असे तो अजूनही म्हणतो. तिघे आहेत आणि एक कोपर आहे. कोपर माझे.

कलम ४. बेस गिटार मुलीला. तिला वाजवता येत नाही, पण तिचा हक्क आहे. लहानपणी एकदा रेडिओवर आमचे गाणे लागले असताना तिने विचारले होते, "बाबा, मामा गातोय, ठोक्याकाका वाजवतायत. तुम्ही कुठे आहात?" मी तिचा तळहात लोखंडी कपाटाच्या दाराला लावला. दार थरथरत होते. "हा मी," म्हटले. तिने गाणे संपेपर्यंत हात काढला नाही. इतरांनी मला एवढेच विचारले की चारच तारा का, बाकीच्या तुटल्या का.

कलम ५. डबा. हे कलम जरा लांबणार आहे.

डबा म्हणजे माझा अ‍ॅम्प्लिफायर, कमरेएवढा उंच, मागची फळी उखडलेली. तो माझ्या मेव्हण्याला हवा आहे. मेव्हणा म्हणजे माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ आणि आमचा गायक. त्याला सगळे ओळखतात, तेव्हा जास्त लिहीत नाही.

आमचा सराव ठोक्याच्या वडिलांच्या गाद्यांच्या कारखान्यात चालायचा. कामगार घरी गेले की आम्ही आत. चारही बाजूंना छतापर्यंत कापसाचे गठ्ठे. शेजाऱ्यांची तक्रार नव्हती, पण आम्हालाही धड काही ऐकू यायचे नाही. गिटारवाल्याची नुसती बोटे हलताना दिसायची. झांजा वाजल्या की नाही ते ठोक्यालाच ठाऊक. वरचे सगळे सूर कापूस गिळून टाकायचा. खर्ज, म्हणजे माझा बेस, तेवढा त्याला गिळता येत नसे.

मेव्हण्याला स्वतःचा आवाजही ऐकू यायचा नाही. म्हणून तो माझ्या डब्याला पाठ टेकून उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि सुचेल ते गायचा. त्याला काय सुचत होते? मी जे वाजवत होतो ते. मी खाली उतरलो की तो उतरायचा, मी थांबलो की तो श्वास घ्यायचा. पाठीतून आत गेलेले तोंडातून बाहेर यायचे आणि त्याला वाटायचे, चाल आपल्याला सुचली. तो खोटे बोलत नव्हता. त्याला खरोखरच तसे वाटत होते, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडता आले नाही.

बँडचा नियम असा होता की जो पहिल्यांदा तोंड उघडेल त्याचे गाणे. हा नियम पहिल्याच दिवशी सर्वानुमते झाला. मीही हात वर केला होता, हे नमूद करतो. बेस वाजवणाऱ्याला तोंड उघडायची वेळच येत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

पुढे कारखाना विकला गेला, गिटारवाला परदेशी गेला, बँड मोडला. तेव्हापासून मेव्हण्याला एकही नवी चाल सुचलेली नाही. घरी आला की जेवून झाल्यावर डब्यावरून हात फिरवतो. "दाजी, हा डबा मला द्या ना. याच्यात काहीतरी आहे हो." मी म्हणतो, "मी मेल्यावर ने." त्याच्या बहिणीने हे ऐकून एकदा भाजीचा डाव टेबलावर आपटला होता.

डब्यात काही नाही. एक लाकडी खोके, एक स्पीकर, दोन जळके व्हॉल्व्ह. डब्यात मी होतो.

तरीही डबा त्यालाच द्यावा. फक्त पुढचे कलम वाचून त्याने या कागदावर साक्षीदार म्हणून सही केली, तर कायद्यानुसार त्याला काही घेता येणार नाही. मग डबा मुलीकडे जाईल.

कलम ६. 'दार लोटून जा' हे गाणे सर्वांना पाठ आहे. रेकॉर्डवर छापले आहे: शब्द व चाल, गायकाची. वस्तुस्थिती अशी.

मेव्हणा तेव्हा आमच्याकडेच राहायचा. आम्ही दोघे सरावाला निघालो की पत्नी आतून रोज सांगायची, "दार लोटून जा." आमचे दार ओढल्याशिवाय लागत नसे आणि आम्ही दोघेही विसरत असू. एका संध्याकाळी ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. ते ज्या सुरांच्या उतारावर ती म्हणायची तो उतार मी कारखान्यात वाजवत बसलो, शेवटी दार लागायला लागतो तेवढा वेळ मोकळा सोडून. मेव्हण्याने डब्याला पाठ टेकली आणि थोड्या वेळाने तोंड उघडले.

रेकॉर्ड आली तेव्हा पत्नीने वेष्टन उलटून वाचले. "तुमचं नाव विसरले वाटतं."

"राहू दे."

"काय राहू दे? मी विचारते त्याला."

मी विचारू दिले नाही. तो पलीकडच्या खोलीत झोपला होता, आणि ती दोघांच्या मध्ये सापडली असती. नंतर ते गाणे कुठेही लागले की ती उठून खर्जाचे बटण पार शेवटापर्यंत फिरवायची. मांडणीवरची भांडी वाजायची.

या चालीत माझा अर्धा हिस्सा आहे असे मी जाहीर करतो, आणि तो मुलीला देतो. हा दावा पैशाचा नाही, नावाचा आहे.

वकीलबाई म्हणाल्या, "साक्षीदार फक्त तुम्ही सही केलेली बघतो. मजकुराशी त्याचा संबंध नसतो." कायद्याचे ते ठीक आहे. मेव्हण्याने मात्र सगळा मजकूर आधी वाचावा आणि मग डबा की सही ते ठरवावे, अशी माझी इच्छा आहे. रविवारी त्याला जेवायला बोलावले आहे. त्याने नाही म्हटले तर खालच्या मजल्यावरचे शिंपी सही करतील. त्यांनी आमचे एकही गाणे ऐकलेले नाही. काहीही झाले तरी या घरातले मेव्हण्याचे ताट हलणार नाही, हे मुलीने लक्षात ठेवावे. पण मला त्याची सही हवी आहे. आयुष्यभर बोललो नाही, म्हणून लिहितो: फार हवी आहे.

कलम ७. मला निरोप देताना गाणे लावायचेच असेल तर मोबाईलवर लावू नये. त्यात मी नसतो.

स्थळ: आमचे जेवणाचे टेबल.
दिनांक: नऊ नोव्हेंबर, रविवार, जेवणानंतर.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिला: (सही) ड्रमर. सहीशेजारी त्याच्या हाताने: "रेकॉर्ड आली तेव्हाच मी म्हणालो होतो."

साक्षीदार दुसरा: (सही) गायक, लिहून देणाऱ्याचा मेव्हणा. सहीखाली त्याच्या हाताने: "सगळे वाचले. कलम पाच दोनदा वाचले. डबा भाचीला द्यावा. कलम सहामध्ये अर्धा हिस्सा लिहिला आहे तो चूक आहे. शब्द ताईचे, चाल दाजींची. मी फक्त तोंड उघडले."