कानांनी काढलेला नकाशा

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
२३ जून २००७

तीर्थरूप बाबांना,

सविनय जय भीम. आईलाही.

तुमचं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्हाला बारीक अक्षर लागत नाही असं रवींद्रदादा म्हणाला, म्हणून मोठं काढते आहे. एक विनंती, हे पत्र दादाकडून वाचून घेऊ नका. वेळ लागला तरी स्वतः वाचा.

इकडे सगळे बरे आहेत. कुशलचं ऑफिस दुसऱ्या बिल्डिंगमध्ये गेलं, आता चाळीस मिनिटं ड्राइव्ह करावं लागतं. माझ्या व्हिसावर नोकरी चालत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. आठवड्यातून दोन दिवस मैत्रीच्या शाळेत पुस्तकं लावायला जाते, तेवढंच. टोमॅटो लावलेत, पण हरणं येऊन खाऊन जातात. आईला सांगा, कुंपणाला साबणाच्या वड्या बांधून पाहिल्या, उपयोग झाला नाही.

मैत्री तिसरी पास झाली. चौतीस वर्षं तुम्ही मास्तर होतात, तेव्हा तिच्या वर्गाचं तुम्हाला सांगायलाच हवं. तिच्या बाई, मिस डॉबिन्स, वर्षभर मुलांकडून काही ना काही घडवून घेत होत्या. सप्टेंबरात प्रत्येकाला बरणीत एक सुरवंट दिला. मुलांनी रोज त्याचं चित्र काढायचं, वही ठेवायची. ती फुलपाखरं थंडीत मेक्सिकोला जातात, म्हणून सगळा वर्ग त्यांना त्या दिशेने सोडायला मैदानात गेला. मैत्रीचं आधी कुंपणावरच बसलं, तर ही त्याला हाताने दक्षिण दाखवत होती. जानेवारीत आइस्क्रीमच्या काड्यांचे पूल केले. मैत्री आणि राजसच्या पुलाने एकोणीस पुस्तकं पेलली. विसाव्याला मोडला. तर बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या आणि नेमका कुठे मोडला ते सगळ्यांना वाकून बघायला लावलं.

राजस म्हणजे देवयानीचा मुलगा. देवयानी पुण्याची, आमच्यापासून दोन गल्ल्या पुढे राहते. इथल्या मराठी मंडळाचा अंक तीच काढते. स्वभावाने फार मोकळी. मी आजारी पडले तेव्हा महिनाभर डबा देणारी तीच. चार वर्षांत तिने एकदाच विचारलं होतं, "तुम्ही मूळचे कुठले गं?" मी "भंडाऱ्याकडचे" म्हणाले. कुशलच्या थोरात आडनावावरून काही कळत नाही. ती पुढे काही बोलली नाही, मीही सांगितलं नाही. घरातली बाबासाहेबांची तसबीर आम्ही वरच्या बेडरूममध्ये लावली आहे. तुम्ही आलात तेव्हा विचारलं होतंत, खाली का नाही. मी म्हटलं होतं, खाली ऊन येतं, काच तापते.

आता मे महिन्याचं सांगते.

वर्षाचा शेवटचा प्रकल्प होता, 'आजी-आजोबांची शाळा'. घरातल्या सगळ्यात वडील माणसाला त्याच्या शाळेबद्दल विचारायचं, ते टेप करायचं, आणि त्या शाळेतली एक वस्तू तयार करून मांडायची. म्हणून तर ते तीन रविवारचे फोन. मैत्री विचारायची, तुम्ही सांगायचात आणि मी मधे बसून भाषांतर करायची.

पहिल्याच रविवारी तिने विचारलं, वर्गात तुम्ही कुठल्या बाकावर बसायचात. तुम्ही हसून म्हणालात, "बाक कसला मैतू, आपल्या जातीची पोरं ओट्यावर. आत घेत नव्हते."

मी तिला इंग्रजीत सांगितलं की वर्गात जागा कमी होती.

बाबा, तुम्ही फोनवरच होतात. तुम्हाला ते समजलं असणार. तुम्ही क्षणभर थांबलात आणि मग नकाशाची गोष्ट सुरू केलीत. भूगोलाचा तास आत चालायचा, नकाशा आतल्या भिंतीवर, आणि तुम्ही ओट्यावर बसून ऐकत ऐकत धुळीत बोटाने भारत काढायचात. मास्तर म्हणाले उत्तरेला हिमालय, की वरच्या धुऱ्यावर डोंगर. दक्षिणेला समुद्र, की खालच्या बांधाला पाणी. भारत म्हणजे चौकोनी वावर, मधून गंगा सरळ पाटासारखी, आणि बरोब्बर मधोमध आपलं गाव. पुढे भंडाऱ्याच्या हायस्कुलात खरा नकाशा पहिल्यांदा पाहिलात तेव्हा वाटलं, खालून कुणी कुरतडला की काय. मैत्री लोळून हसली. मी पस्तीस वर्षांची झाले, ही गोष्ट मला तुम्ही कधी सांगितली नव्हतीत. मी विचारलीही नव्हती.

तिने तोच नकाशा करायचं ठरवलं. मैदा, मीठ आणि पाणी मळून, लाकडी फळीवर चौकोनी भारत. वर डोंगर चिमटून काढले, गंगा निळी रंगवली, मधे गावासाठी मोहरीचा दाणा रोवला. नाव दिलं, 'माझ्या आजोबांनी कानांनी काढलेला नकाशा'. शेजारच्या कार्डावर तिने स्वतः लिहिलं होतं, "माझे आजोबा बाहेर बसत, कारण आतल्या लोकांना वाटे की ते आत आले तर खोली घाण होईल. त्या लोकांचं चुकत होतं." मी विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? म्हणाली, आजोबांनी. तिसऱ्या रविवारी मी ड्रायरमधून कपडे काढायला गेले, तेवढ्यात तिने तुम्हाला पुन्हा विचारलं होतं आणि तुम्ही तुमच्या शाळेतल्या इंग्रजीत उत्तर दिलं होतंत.

मांडणी शुक्रवारी होती. गुरुवारी सकाळी देवयानीचा फोन आला. "अगं, उद्या मी सगळ्या मराठी मुलांच्या टेबलांचे फोटो काढणार आहे. अंकात चार पानं टाकते. मैत्रीचं काय आहे?" मी म्हटलं, नकाशा आहे. "वा, भारताचा?" हो म्हटलं.

फोन ठेवला आणि फळी उचलून गॅरेजमध्ये नेली, गाडीत ठेवायला म्हणून.

तुम्हाला मी फोनवर सांगितलं नाही, पण नकाशा शाळेत गेलाच नाही. तो मोडला. मैत्रीला मी सांगितलं, हातातून निसटला.

बाबा, निसटला नाही. मी दोन्ही हातांनी धरला होता, चांगला घट्ट, आणि सोडून दिला. एक कोपरा शाबूत राहिला तर तोही पायाने मोडला.

मैत्री शाळेतून आली, रडली, आणि लगेच डोळे पुसून म्हणाली, "फ्रिजमध्ये पीठ उरलंय. परत तसाच करू." मी म्हटलं, वेळ नाही, त्यापेक्षा खरा नकाशा छापून रंगवू. ती माझ्याकडे बघत राहिली. वेळ भरपूर होता, चारच वाजले होते. मग मी नवीन कार्ड लिहिलं, "माझ्या आजोबांना नकाशांची आवड होती. पुढे ते शिक्षक झाले." त्यात एकही शब्द खोटा नाही. तेवढी काळजी मी घेतली होती.

शुक्रवारी ती त्या छापील नकाशाशेजारी हात मागे बांधून उभी होती. देवयानीने फोटो काढला. मिस डॉबिन्स वाकून तिला म्हणाल्या, "तुझा तो चौकोनी देश कुठे?" मैत्री म्हणाली, "पडला." कुणी पाडला, ते तिने सांगितलं नाही. माझ्याकडे पाहिलं फक्त.

त्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, नकाशा कसा झाला, आणि मी म्हणाले सगळ्यांना फार आवडला. मैत्री उठून वर निघून गेली. तेव्हापासून ती तुमच्या फोनवर येत नाही. अभ्यास आहे, झोपली आहे, मैत्रिणीकडे गेली आहे, हे सगळं मी रचलेलं. खरं कारण तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं: "त्यांनी विचारलं तर मला खोटं बोलावं लागेल."

आणि तुम्ही पत्रात लिहिलंत, "मैतू बोलत नाही. त्या वयाला न सोसणारं मी काही बोललो का? तसं असेल तर माझं चुकलं, तिला सांग." ही ओळ मी किती वेळा वाचली असेन. तुमचं काही चुकलं नाही. ज्या पोरीला तुम्ही पहिल्या बाकावर बसवलंत, एम.एस्सी. केलंत, तिने तुम्हाला पुन्हा ओट्यावर नेऊन बसवलं.

गेल्या आठवड्यात शाळेने मुलांचे वर्षभराचे खोके परत दिले. सुरवंटाची वही, पुलाच्या काड्या आणि ती कॅसेट. मी मैत्रीला बसवून खरं सांगितलं. तिला आश्चर्य वाटलं नाही. मग आम्ही कॅसेट ऐकली. तुम्ही थांबलात ती जागाही ऐकली. मी भाषांतर पुन्हा केलं, या वेळी जसंच्या तसं. मैत्रीने विचारलं, "तुला आजोबांची लाज वाटते?" मी नाही म्हणाले. खरंच नाही वाटत, बाबा. मला लोकांची भीती वाटली. पण आठ वर्षांच्या मुलीला त्या दोन्हींत फरक दिसला नाही, आणि आता मलाही दिसत नाही.

बुधवारी देवयानीकडे गेले, तो फोटो अंकात छापू नको म्हणाले आणि का ते सांगितलं. ती म्हणाली, "अगं, पण आम्ही असलं काही मानत नाही." मी म्हटलं, "मी मानत होते. म्हणून तर मोडला." मी निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली. त्यानंतर तिचा फोन नाही. येईल किंवा येणार नाही, मला ठाऊक नाही.

आत्ता मागच्या डेकवर मैत्री पुन्हा पीठ मळते आहे. मला हात लावू देत नाही. मी दाराच्या आत बसून हे लिहिते आहे.

तुम्हाला फोन लाव म्हटलं तर म्हणते, "आधी तू त्यांना सांग. मग मी बोलेन." तेव्हा पत्र वाचून झालं की एक मिस्ड कॉल द्या. फोन तीच लावेल. मी खोलीत नसेन, आणि तुमच्या दोघांच्या मधे पुन्हा कधी भाषांतर करणार नाही.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुम्ही लगेच देऊन टाकाल.

तुमची
उपासना