कॅलिबर एकदाचं ठरलं

२ मार्च, सकाळी ७
आजपासून चालढकल बंद. माणसाचं पिस्तुलाचं एक कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी, ठरलेलं असावं. रेंजवर तेच, कमरेलाही तेच. माझं ठरलं: पंचेचाळीस. येत्या २१ला आमच्या नेमबाजी क्लबच्या प्रमुख ऑर्फाबाई नवशिक्यांच्या वर्गासाठी मास्तर निवडणार. अठरा वर्षं मी क्लबात फुकट सल्ले वाटतोय. ही जागा मला हवी. हवीच.

५ मार्च
पन्नास गोळ्या झाडल्या. कागदाला नऊ लागल्या, त्याही डावीकडे खाली. पंचेचाळीसचा धक्काच फार. मेव्हणा ड्वेन म्हणाला, "काय रे व्हर्न, उंदीर मारतोयस का?" हा इसम नऊ एमएमवाला. याचं काय ऐकायचं!

८ मार्च, रविवार
पंचेचाळीस कमरेला लावून चर्चला गेलो. वजनाने पँट खाली येते, मूठ बरगडीत घुसते. बाकावर तिरका बसलो. पास्टरांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठदुखीसाठी प्रार्थना केली. नंतर जेवणाच्या रांगेत तीन बायकांनी आपापलं मलम सुचवलं. नडीन (बायको) पुटपुटली, "मलम लाव नाहीतर पट्टा आवळ, पण माझ्या शेजारी सरळ बस."
निर्णय: नऊ एमएम. मी पहिल्यापासूनच आधुनिक विचारांचा.

१३ मार्च
नऊ एमएम. पन्नासात अकरा. गोळ्यांचा लॉट भिकार. ड्वेनने माझ्याच पिस्तुलातून माझ्याच पाच गोळ्या झाडल्या. पाचही मधोमध. योगायोग.

१५ मार्च
नडीन म्हणाली, "कॅलिबर बदलण्यापेक्षा डोळे उघडे ठेव." तिला या विषयातलं ओ की ठो कळत नाही. वाद घातला नाही. जेवलोही नाही.

१८ मार्च
तीनशे सत्तावन्न मॅग्नम उसनं आणलं. चार गोळ्या झाडल्या. अंदाज यायला चार पुरतात. थंडीही फार होती. परत नऊ एमएम.

२१ मार्च, दुपारी
चाचणी. अख्खा क्लब कॉफी घेऊन बसलेला. ऑर्फाबाई, वय एकाहत्तर, जन्मभर स्कूलबस चालवलेली बाई, म्हणाल्या, "व्हर्न बाळा, आज गोळ्या मी भरते." मला तो मानच वाटला. तीन झाडल्या. चौथ्यांदा चाप ओढला, तर नुसतं टिक. आणि तरी पिस्तुलाचं तोंड गपकन खाली, डोळे गच्च मिटलेले, खांदे कानापर्यंत. कुणीही हसलं नाही. ते जास्त लागलं.
ऑर्फाबाईंनी ती गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. नकली, रिकामी. "आत दारूच नव्हती रे. मग दचकलास कशाला?"

संध्याकाळी ६
क्लबला तक्रारीचं पत्र लिहिलं. फाडलं. मास्तर ड्वेन झाला.
मला आवाजाची भीती वाटते. अठरा वर्षं वाटतेय. लिहून टाकलं, इथे कोण वाचतंय.

२८ मार्च
वर्ग सुरू. मी पहिल्या रांगेत, शेजारी दोन निवृत्त नर्सबाया. ड्वेनने प्रत्येकाला आवडतं कॅलिबर विचारलं. माझ्यापाशी आल्यावर घसा खाकरला. मी म्हणालो, "ज्याचा आवाज कमी, ते." त्याला टोमणा मारायची उत्तम संधी होती. मारला नाही. हळूच म्हणाला, "दाजी, पहिले दोन आठवडे गोळी भरायचीच नाही. नुसता चाप ओढा."
घरी नडीनने विचारलं, शेवटी कुठलं ठरलं?
म्हटलं, अभ्यास चालू आहे.