यांच्या वाट्याची फोड

१२ एप्रिल, रविवार, सांज

संजूनं आज कन्हान नदीकाठचं नदीची माहिती देणारं नवं केंद्र दाखवाले नेलं. आत जुने दगड अन् पाखरांचे फोटो. एका फोटोत रेतीतली टरबुजांची वाडी होती. आमचीबी अशीच होती. तिथंच एका राती पाणी आलं अन् हे वाहून गेले. सापडलेच नाही. संजू तवा पाळण्यात होता.

तवापासून दर उन्हाळ्यात पहिल्या टरबुजाची पहिली फोड मी नदीले देते. आजबी डब्यात नेली होती. तर काठाले कठडा!

नात म्हणे, "आजी, पाटी वाच ना. पाण्यात खायचं टाकू नका. मासे मरतात."

"इतक्या वर्सापासून खाऊन राहिले वं, एक तरी मेला का?"

संजू म्हणे, "माय, लोक पाहून राहिले. चाल आता."

त्याले बापाचं तोंडबी आठवत नाही, त्याले काय बोलू? पण मी काहून थांबली? कठड्यावरून हात तर पोचत होता.

फोड डब्यातच परत आली. फेकवेना. आत्ता ओट्यापाशी उभ्यानं मीच खाल्ली. यांच्या वाट्याची, पहिल्यांदाच.

गोड होती मेली.