रुखमाबाईची साक्ष

कोसंबीटोला, तालुका ब्रह्मपुरी
४ मे १९५३

चि. गुणवंतास आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू नागपुरात कायदा शिकवतोस म्हणून गावात माझा भाव चढला आहे. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाला. आता वीस तारखेला चांद्याला मासेमारीचा लिलाव. बाहेरचा ठेकेदार आला तर ढिवरांच्या चाळीस घरांनी जगायचं कशावर? गोकुळा ढिवरीण सकाळपासून बसली आहे. म्हणते, बाई, गुणवंतभाऊले लिवा ना, नाईतर आम्ही कुठी जाऊ?

तू पानोपानी तळटीपा देतोस ना, तशा ही कमरभर पाण्यात उभी राहून देते. पहिल्या जाळ्याआधी म्हणते, हक्क आमचा. मले सासूनं सांगितलं, तिले तिच्या सासूनं, तिले रुखमाबाईनं. मग पाण्याकडे पाहत थांबते. वारा नसताना पाण्यावर एक वलय उठतं, तेव्हाच जाळं पडतं. भर उन्हात पाहिलं आहे मी, चष्मा लावून.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी चंदाआत्या

नागपूर, १२ मे

ती. चंदाआत्यास शि. सा. न. वि. वि.

नव्या कायद्याच्या कलमात तलाव सरकारचा, एवढंच आहे. आम्हा कायदेवाल्यांतले निम्मे म्हणतात, शब्द संपले की वाद संपला. मी उरलेल्यांतला. विधानसभेतली भाषणं, जुने निवाडे, गावच्या रूढींची नोंद, सगळं वाचावं म्हणतो. म्हणून चांद्याच्या दप्तरखान्यात गेलो. १९०५च्या नोंदवहीत ढिवरांचा हक्क स्पष्ट आहे. सांगणारी रुखमाबाई, खाली अंगठा.

आनंदात, ती पुढे कधी वारली ते पाहायला मृत्यूंची वही उघडली. रुखमाबाई १८९९ सालीच तलावात बुडून वारली. गाव तेच, नवऱ्याचं नाव तेच. नोंदवहीच्या समासात कारकुनाचा शेरा आहे, साक्षीदाराचं लुगडं ओलं होतं.

आता हा कागद खोटा ठरेल. दुसरी कुणी रुखमाबाई होती का, विचारशील?

आशीर्वाद असू द्यावा.
गुणवंत

कोसंबीटोला, १६ मे

चि. गुणवंतास आशीर्वाद.

विचारलं. गोकुळा म्हणाली, दुसरी कोनती? जाळं तिचं, त मंग तवाचा साहेब कोनाले पुसन? अन् काऊन जी, मेलेल्यानं सांगू नये असं कायद्यात लिवलं हाय का?

मी हसले. मग लगेच हे पत्र लिहायला बसले.

तुझी आत्या

नागपूर, २१ मे

ती. आत्यास सा. न.

गोकुळाबाईचा प्रश्न मी काल लिलावाआधी चांद्याच्या कचेरीत मांडला. रूढीबद्दल मेलेल्या माणसाचं म्हणणं पुरावा म्हणून चालतं, वाद निघण्याआधी सांगितलेलं हवं. सांगताना माणूस जिवंत हवा, असं मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही. सरकारी वकील हसले. लिलाव घेणारे साहेब हसले नाहीत. म्हणाले, दोन्ही कागद सरकारी, खोटा कोणता? त्यांनी लिलाव थांबवून रुखमाबाईच्या नावे दोन जूनचं समन्स काढलं. ते न बजावता परत आलं तर त्याच दिवशी लिलाव. तलाव गेलाच समज. मी कमी पडलो.

गुणवंत

कोसंबीटोला, २९ मे

चि. गुणवंतास आशीर्वाद.

काल कचेरीचा लटारू चपराशी समन्स घेऊन आला. अहेरीकडचा, नवा माणूस. तलावाच्या पाळीवर, बांधावर बसलेल्या बायकांना त्यानं रुखमाबाईचं घर विचारलं. सगळ्यांनी पाण्याकडे पाहिलं. तो तिकडे गेला आणि तासाभरानं हसत परत आला. समन्सवर अंगठा आहे. म्हणतो, म्हातारी लय मायेची, मले बाबू बाबू करे. पाय दुखते म्हणे, पन तारखेले येतो.

तलाव वाचेल रे. पण ढिवरटोलीत कुणी मोठ्यानं बोलत नाही.

दोन तारखेला कचेरीत लवकर जा, आणि तिच्यासाठी एक खुर्ची मागून ठेव. फार थकली असेल.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून,
चंदाआत्या