रविवारच्या फेरीत विचारलेला प्रश्न

ताइनान, सोमवार, सुट्टी

आईस,

हे पाठवणार नाही, म्हणून सरळ लिहिते. काल तू न कळवता आमच्या कलासंग्रहालयात आलीस.

रविवारच्या फेरीत मी हातांच्या खुणांनी चित्रं समजावते. आम्ही बहिरी माणसं पुढे असतो. मागे उभ्या असलेल्या, ऐकू येणाऱ्या लोकांसाठी रुओ-लान माझ्या खुणा बोलून दाखवते. तू तिच्या शेजारी उभी होतीस. माझं बोलणं तुला पहिल्यांदाच पुरतं कळलं असेल. घरी मी तुझे ओठ वाचायचे आणि जमेल तसं तोंडाने बोलायचे. हात हलले की पट्टी बसायची.

कालव्याचं चित्र झाल्यावर मी विचारलं, "काही शंका?" तू हात वर केलास. तुझं ऐकून रुओ-लान गोंधळली.

"जे विचारलंय तेच सांग," मी खुणेने म्हटलं.

"त्या विचारतायत, तू जेवलीस का?"

पुढची रांग हसली. दर रविवारी येणाऱ्या खो काकांनी खूण केली, "चित्र गेलं खड्ड्यात! ही नक्की तुझी आई."

"प्रश्न चित्राबद्दल विचारा," मी उत्तर दिलं. रुओ-लानने ते बरंच मऊ करून सांगितलं असावं, कारण तू हसून मान डोलावलीस.

सगळे पुढच्या दालनात गेले. तू पिशवी खाली ठेवलीस आणि मूठ तोंडाशी नेऊन माझ्याकडे पाहिलंस. जेवणाची खूण दोन बोटं जेवायच्या काड्यांसारखी धरून करतात. तुझी चुकली होती. आपल्या घरात त्या हाताला पट्टी बसली असती.

मी नुसती मान हलवली. जेवले नव्हते.

पेइ-यिंग