फाटकाशी थांबणारी घोडी

टिर्झा, थोरल्या बहिणीचा आशीर्वाद घे.

मी बरी आहे. आयोवात यंदा कोबी छान धरलाय. नातवंडं त्यांच्या आजोळी गेलीत, त्यामुळे बडबड माझी मलाच ऐकावी लागते. तुझा गुडघा कसा आहे?

आमचे मेथडिस्ट पाद्रीबुवा, म्हणजे माझा लेक अमोस, लढाईवर गेलाय. घोडदळात कप्तान! गावोगाव प्रार्थनेला हिंडून हिंडून त्याच्या घोडीला फाटक दिसलं की थांबायची खोड लागलेली. मागे एकदा तो शत्रूच्या मागे लागला असतानाही ती थांबली. शिपाई म्हणाले, "पाद्रीबुवा, इथे जेवण की प्रवचन?" तेवढ्यात गोळी आली. टोपीतून गेली, डोक्यातून नाही.

मीच कळवलं, "घोडी बदल, मूर्खा." त्याने बदलली.

आता तो परत येईल तेव्हा नवी घोडी आपलं फाटक ओळखायची नाही, म्हणून ते उघडंच ठेवते. शेजाऱ्यांच्या गाई कोबी खातात. खाऊ देत.

तुझी खाष्ट बहीण,
केझाया