‘खाता का?’

सोलापूर, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९७४

बाळं इतकी हलकी का जन्मतात, हे डॉक्टरबाईंना शोधायचंय. आकडे माझ्याकडे. पण बाळंतिणींच्या एकूण एक फॉर्मवर ‘तंबाखू खाता का?’ पुढे ‘नाही’! एकसुद्धा ‘हो’ नाही? इतकी एकसारखी उत्तरं माणसं देतात कधी? आज आकडेमोड टाकून स्वतःच वॉर्डात गेले.

पहिल्याच खाटेवर माळशिरसकडची बाई. उजव्या हाताचं बोट काळं. तंबाखूचं विचारलं, तर चिडलीच.

“न्हाय वो बाई! मी कशाला खाऊ?”

“मग हे बोट?”

“मिश्री लावती की. सकाळी, दुपारी, पुन्ना निजताना.”

“मिश्री तंबाखूचीच ना?”

“व्हय की. पर ती खायची नसती, लावायची असती.”

बरोबरच बोलली. फॉर्मवर ‘खाता का’ घातलं कोणी? मीच. आता सगळ्यांना पुन्हा विचारायचं.

घरी आले तर सासूबाई उंबऱ्यात बसलेल्या, काळं बोट तोंडात. हे बोट मला रोज दिसतं. मग फॉर्म लिहिताना कुठे गेलं होतं? त्यांची मिश्री दर रविवारी मीच तर भाजते, तव्यावर, खोकत खोकत.